फुटाचा इंच करा: '२००१' मधलं डिस्कव्हरी घरी बनवायचं तर

सिनेमा १९६८ चा, '२००१: अ स्पेस ओडिसी'. त्यातलं ते पांढरं, लांबच लांब जहाज डिस्कव्हरी, पुढे गोळा, मागे इंजिन आणि मधात मणक्यासारखी डब्यांची रांग. ते मी आमच्या नागपूरच्या घरी गच्चीवरच्या खोलीत बनवलं, एकदा बिघडवलं आणि मग पुन्हा बनवलं. कोणाला बनवायचं असेल तर जे जे कळलं ते सगळं सांगून टाकतो, कारण मी सुरू केलं तेव्हा मराठीत असं सविस्तर काही सापडलंच नव्हतं. मोठा लेख आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाते. स्टुडिओमध्ये त्यांनी जे मोठं मॉडेल केलं होतं ते जवळपास ५४ फूट लांब होतं, म्हणजे आपल्या गल्लीत मावणार नाही एवढं, आणि दुसरं एक १५ फुटांचं. त्यावरचं बारीक बारीक नक्षीकाम कुठून आलं? बाजारात मिळणारे रणगाडे, विमानं, जहाजं यांचे प्लास्टिकचे मॉडेल किट फोडून त्यातले तुकडे चिकटवले होते. म्हणजे ते लोकसुद्धा जोडाजोडच करत होते, फक्त नजर भारी होती. आणि सिनेमा झाल्यावर डिस्कव्हरीची मॉडेलं काही उरली नाहीत. १९८४ साली '२०१०' हा पुढचा सिनेमा निघाला तेव्हा त्या टीमला जुनी मॉडेलंही मिळाली नाहीत आणि नकाशेही नाहीत, त्यांनी जुन्या फिल्मच्या फ्रेम मोठ्या करून त्यावरून मापं काढली. हे वाचलं तेव्हा मला फार धीर आला. हॉलिवूडवाल्यांनी जे केलं तेच आपण मोबाईलवर स्क्रीनशॉट काढून करायचं आहे, बाकी काही फरक नाही.

मग माप. मी सरळ फुटाचा इंच केला. ५४ फूट म्हणजे ५४ इंच, साधारण १३७ सेंटिमीटर. फ्रेम थांबवून पट्टी लावली तर पूर्ण लांबी समोरच्या गोळ्याच्या नऊपटीच्या आसपास येते, म्हणजे गोळा ६ इंचांचा हवा. हा सहा इंचांचा आकडा लक्षात ठेवा, कारण सगळं मॉडेल ह्या गोळ्यावर ठरते. गोळा मोठा झाला तर जहाज गदेसारखं दिसते, लहान झाला तर माचिसची काडी. पहिले गोळा हातात येऊ द्या, मगच बाकीचं कापायला घ्या, हे मी हात जोडून सांगतो. माझी मापं अशी निघाली: गोळा ६ इंच, मागची मान २, मणका ३३ आणि इंजिनचा भाग १३. तुमची इकडेतिकडे निघतील, चालते. पण मोजताना जहाज एकदम बाजूने दिसते तीच फ्रेम घ्या, तिरप्या फ्रेममध्ये पुढचा गोळा मोठा दिसतो आणि माणूस फसतो, मी फसलो होतो. चार-पाच फ्रेमवर मोजून सरासरी काढा आणि मग खऱ्या मापाचं चित्र कागदावर काढा. कॅलेंडरची मोठी पानं मागून कोरी असतात, ती जोडली की ५४ इंच आरामात बसते. हे चित्र भिंतीवर लावून ठेवा आणि प्रत्येक तुकडा झाला की त्यावर ठेवून पाहा. भाचा म्हणायचा, "मामा, कागदावरच किती दिवस काढतो?" मी पंधरा दिवस काढले आणि त्याचा एकही दिवस वाया गेला नाही.

जहाज इतकं लांब का आहे हेही माहीत असावं, त्याने बनवताना हात बरोबर चालतो. मागे अणुभट्टी आहे, पुढे माणसं आहेत, आणि किरणोत्सर्गापासून लांब राहायचं म्हणून मधात हा एवढा मोठा मणका. लेखक आर्थर क्लार्क आणि दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांच्या सुरुवातीच्या कल्पनेत उष्णता बाहेर टाकायला मोठमोठे पंखही होते, ते नंतर काढले, कारण अवकाशात उडणाऱ्या जहाजाला पंख कशाला असं लोकांना वाटलं असतं. म्हणून आपल्यालाही उगाच पंख, तोफा, लाल पट्टे असं काही लावायचं नाही.

गोळा

यासाठी सगळ्यात भारी वस्तू म्हणजे शाळेतला पृथ्वीचा गोल. ६ इंचांचा प्लास्टिकचा ग्लोब स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, मी सीताबर्डीवरून आणला. थर्माकोलचा बॉल स्वस्त पडतो पण तो आणू नका, त्यावर स्प्रे मारला की पेंटमधल्या थिनरने थर्माकोल विरघळतो, खड्डे पडतात, आणि आत लाइट पण लावता येत नाही.

ग्लोबचे फायदे ऐका. दोन अर्ध्या वाट्या विषुववृत्तावर जोडलेल्या असतात, ब्लेडने हळूच सांधा उघडला की आत हात जातो. दोन्ही ध्रुवांवर भोक असते, म्हणजे आसाची बरोबर मधली रेषा कंपनीने आधीच काढून दिलेली आहे. दक्षिण ध्रुवाच्या भोकातून मागचा पाइप येणार, उत्तर ध्रुव समोर येणार. आणि तिसरा फायदा हा माझा आवडता: नकाशाचा कागद काढायच्या आधी त्यावरचे अक्षांश-रेखांश वापरून घ्या! समोर तीन गोल दारं आहेत ना, ज्यातून ते छोटे पॉड, म्हणजे एका माणसाची छोटी यानं, बाहेर येतात, त्यातलं मधलं दार ध्रुवावर घेतलं की ते भोक त्याच्याखाली लपते. बाजूची दोन दारं ध्रुवापासून माझ्या मोजणीत चाळीसएक अंश लांब, एक ९० पूर्व रेखांशावर आणि एक ९० पश्चिम रेखांशावर. म्हणजे साधारण ५० अंश अक्षांश. टाचणीने तिथे टोचून खूण करा. वरच्या खिडक्यांची पट्टी शून्य रेखांशाच्या दोन्ही बाजूला सारखी मोजून टोचा. सगळ्या खुणा झाल्या की मग ग्लोब कोमट पाण्यात तासभर ठेवा, कागद सोलून निघतो, उरलेला गोंद कापडाने घासा.

गोळ्यावर सरळ रेषा ओढणं फार त्रासाचं काम आहे. मी इलेक्ट्रिकलची पीव्हीसी टेप ३ मिलिमीटर रुंद कापून गोळ्यावर ताणून लावायचो आणि तिच्या काठाने जुन्या कंपासच्या टोकाने हलक्या हाताने रेघ ओढायचो. तीनदा हलकं, एकदा जोरात नाही. जोर दिला की टोक घसरते आणि मग पुट्टी भरत बसा. दारांचे गोल काढायला वेगवेगळ्या मापाची बाटल्यांची झाकणं ठेवून पेन्सिल फिरवा. खिडक्या मात्र कापायच्याच आहेत, आधी बारीक ड्रिलने भोकं, मग छोट्या कानशीने चौकोन. हे एका बैठकीत करू नका, हात थकला की चौकोनाचं वांगं होते.

पुट्टी गाडीचीच घ्या, पेंटरकडे डेंट भरायला असते ती. वॉटर पेपर (पाण्यात घासायचा पॉलिश पेपर, नंबर जितका मोठा तितका बारीक) २२० पासून सुरू करून ४००, ६००, शेवटी ८००, पाणी लावून. इथे मला महालातल्या चितारओळीतल्या एका मूर्तिकार काकांनी जे सांगितलं ते सोन्यासारखं आहे. त्यांना विचारलं की गणपतीचं पोट एवढं गुळगुळीत कसं करता, ते म्हणाले, "बाबू, हातानं नाही कळत, दिव्यानं कळते. दिवा बाजूनं धर." रात्री खोलीतला लाइट बंद करून टॉर्च एकदम तिरपा धरला तर जो गोळा दिवसा मला गुळगुळीत वाटत होता त्यावर चंद्रासारखे खड्डे दिसले. सिनेमात जहाजावर बाजूनेच कडक उजेड पडतो, म्हणजे हे खड्डे फोटोत शंभर टक्के दिसणार. तेव्हा टॉर्चने पास होईपर्यंत घासत राहा.

मणका, आणि माझा पहिला मणका कसा वाकला

पहिल्यांदा मी अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप वापरला, स्वस्त, हलका, घरात पडलेला. सगळे डबे चिकटवून झाले आणि पुट्टी वाळायला म्हणून गच्चीवर दोन विटांवर आडवा ठेवला. मे महिना. नागपूरचा मे म्हणजे पारा ४५ च्या पुढे आणि गच्चीची फरशी तर पाय ठेवू देत नाही. चार वाजता भाचा वर गेला आणि तिथूनच ओरडला, "मामा, हा तर वाकून राहिला ना!" मधात चांगला दीड इंच झोल आला होता. पीव्हीसी उन्हात नरम पडते आणि वरून वजन असलं की तसंच वाकलेलं राहते, मग थंड झालं तरी सरळ होत नाही. दोन महिन्यांचं काम होतं ते. दोन दिवस मी त्या खोलीत गेलोच नाही.

तर मणक्याच्या आत धातूच पाहिजे. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्यांकडे अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप मिळतो, १२ मिलिमीटरचा, चार फुटांचा तुकडा पुरतो, बहुतेक ते कापून उरलेल्यातलाच देतात. गोल पाइप घेऊ नका. चौकोनी असला की त्यावर ओवलेले डबे फिरत नाहीत, सगळे आपोआप एका ओळीत राहतात, आणि आतून वायर पण जातात. इंजिनकडच्या बाजूला तो सात-आठ इंच आत जाऊ द्या, गोळ्यात तीन इंच.

डबे असे केले. मधात तीन इंच अँटेनासाठी सोडले, उरलेल्या ३० इंचात प्रत्येक डबा सव्वा इंचाचा आणि मधात पाव इंच फट, म्हणजे वीस डबे बसले. डब्याचा गाभा ५ मिलिमीटर सनबोर्डचा, म्हणजे पाट्या करायचा तो हलका फोमचा बोर्ड, मधात चौकोनी भोक. सनबोर्डला फेविक्विक चालते, झटकन पकडते. सिनेमातली डब्यांची रचना तुम्ही स्वतः थांबवून थांबवून पाहा, कुठे जास्त फट आहे, कुठे कमी आहे, माझं वीसचं गणित म्हणजे काही वेदवाक्य नाही.

आता वीस डबे, प्रत्येकाला चार बाजू, म्हणजे ऐंशी बाजूंवर बारीक काम. हे हाताने करत बसलं तर पुढची दिवाळी उजाडेल. म्हणून साचा करा. मी फक्त तीन नमुना-पट्ट्या केल्या, प्रत्येक सव्वा इंच बाय दोन इंच, प्लास्टिकच्या पातळ शीटवर, ज्याला दुकानात हिप्स शीट म्हणतात. त्यावर तुकडे चिकटवले. तीन पट्ट्या उलट्यासुलट्या लावल्या की सहा वेगवेगळ्या दिसतात, ऐंशी लावल्यावर डोळ्याला रिपीट कळत नाही.

तुकडे कुठून आणायचे? किट महाग पडतात आणि फोडायला जीव होत नाही. आमच्याकडे भंगारवाल्याकडून एक बंद पडलेला प्रिंटर किलोच्या भावात आणला, त्यात एवढे छोटे गिअर, क्लिपा, जाळ्या निघाल्या की डबा भरला. शिवाय जुन्या मोबाईल चार्जरची आतली पट्टी, कीबोर्डच्या बटनांच्या मागचे खांब, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, बॉलपेनची स्प्रिंग, केबल टाय, दाढीच्या रेझरचं डोकं, बॅगची चेन. आईने इंजेक्शनच्या बाटल्यांची झाकणं कधीची जमवून ठेवली होती ती पण कामात आली. फक्त एक नियम पाळा: ओळखू येईल अशी वस्तू लावू नका. मी एकदा लॅन केबलचं टोक तसंच लावलं, कितीही रंगवलं तरी पाहणारा पहिले तेच दाखवतो. कापा, उलटं करा, अर्धं झाका. आणि सगळीकडे गर्दी करू नका, मोकळी जागा सोडा. डिस्कव्हरीचं सौंदर्य असं आहे की दाट काम आणि साधा पत्रा शेजारी शेजारी आहेत, नजरेला टेकायला जागा मिळते. गोळ्यावर तर जवळजवळ काहीच चिकटवायचं नाही, म्हणूनच मागचा मणका एवढा गुंतागुंतीचा वाटतो.

साच्यासाठी सिलिकॉन रबर, सोबत त्याचं कॅटॅलिस्ट, म्हणजे रबर घट्ट करणारं द्रव, येते, किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असते, ते काट्यावर मोजूनच घाला, अंदाजपंचे नाही. सनबोर्डची छोटी चौकट, तळाशी नमुना-पट्टी घट्ट चिकटवलेली, एका कोपऱ्यातून उंचावरून बारीक धारेने रबर ओता म्हणजे बुडबुडे तुटतात. दुसऱ्या दिवशी काढा. उघडा साचा आहे त्यामुळे नवख्यालाही जमते.

आत ओतायला मी पॉलिएस्टर रेझिन घेतलं, फायबरच्या टाक्या, मूर्ती करणारे वापरतात ते. इथे नीट वाचा, कारण हे जिवाचं काम आहे. ह्यात दोन गोष्टी घालाव्या लागतात, एक जांभळट कोबाल्ट आणि एक पाण्यासारखं हार्डनर. ह्या दोघांना थेट एकमेकांत कधीही मिसळायचं नाही, भडका उडू शकतो, स्फोट पण होतो. पहिले कोबाल्ट रेझिनमध्ये घालून नीट ढवळा, पूर्ण एकजीव झालं की मगच हार्डनर, साधारण एक-दोन टक्के. दोघांच्या बाटल्या वेगळ्या कप्प्यात ठेवा, दोघांसाठी चमचा वेगळा. बहुतेक दुकानदार कोबाल्ट आधीच मिसळलेलं रेझिन देतात, तेच मागा, एक धोका कमी. हातात ग्लोव्ह, डोळ्यांवर चष्मा, खिडक्या उघड्या, लहान मुलं खोलीबाहेर. भाचा चौदा वर्षांचा आहे, त्याला ह्या कामाला मी दारातूनच पाहू दिलं. उन्हाळ्यात हार्डनर कमी घाला, नाहीतर ओतायच्या आतच जेली होते, तापते आणि तडे जातात. एका पट्टीला पाच-सहा ग्रॅम लागते, म्हणजे ऐंशी पट्ट्या अर्ध्या किलोत होतात. मी एका वेळी सहा-सहाच्या पाळ्या केल्या, रोज संध्याकाळी दोन पाळ्या, आठवडाभरात संपलं.

पूर्ण डबा रेझिनचा ओतायचा मोह होईल, मला झाला होता. एक डबा शंभर ग्रॅमचा होतो, वीस डबे दोन किलो, स्टँडवर उभा राहणार नाही. पट्ट्याच ओता.

अँटेना आणि इंजिन

मधल्या तीन इंचांवर अँटेनाचा भाग येतो, एक मोठी डिश आणि दोन लहान. मोठ्या डिशसाठी टेबल टेनिसचा बॉल घ्या. बॉल ४० मिलिमीटरचा असतो, त्याची वरची १० मिलिमीटर उंचीची टोपी कापली की बरोबर साडेतीन सेंटिमीटरची डिश मिळते. कापताना बॉल एका ग्लासवर बसवून चारी बाजूंनी सारख्या उंचीवर खूण करा, नाहीतर डिश तिरपी निघते. लहान डिश म्हणजे गोळ्यांच्या पाकिटातले मोठे गोल फुगे, आतून थोडी पुट्टी भरून जाड करा. दांडे चिवट पितळी तारेचे, अ‍ॅराल्डाइटने बसवा. हा भाग कायमचा चिकटवू नका, खाली छोटा नट-बोल्ट ठेवा. घरात जहाज हलवताना पहिले हीच डिश तुटते, माझी दोनदा तुटली आहे.

इंजिनचा भाग मात्र सरळ आहे, सनबोर्डचे डबे आणि त्यावर हिप्स शीटची कातडी, मागे सहा नॉझल, म्हणजे इंजिनची तोंडं. माझ्या भाच्याने स्वयंपाकघरातली लहान प्लास्टिकची नरसाळी सुचवली, नळी कापून टाकली की आतला आकार तयार, मग बाहेरून शीटच्या पट्ट्या लावून फ्रेममध्ये दिसते तसं कोनदार करायचं. सहाही नॉझल एकाच साच्यातले वाटले पाहिजेत, एकाच जागेवरून मोजून कापा. आणि आत निळे लाइट लावू नका असं मी मनापासून सांगतो. सिनेमात हे जहाज इंजिन बंद ठेवून शांतपणे तरंगत जाते, ती शांतताच तर आपल्याला घरी आणायची आहे.

लाइट

खिडक्यांमागे वॉर्म व्हाइट एलईडी, ३ मिलिमीटरचे. १२ व्होल्टचा जुना राउटरचा अ‍ॅडॉप्टर घरात असतोच. तीन एलईडी एका ओळीत जोडले की त्यांचे मिळून साडेनऊच्या आसपास व्होल्ट जातात, उरलेल्या अडीच व्होल्टसाठी १८० ओहमचा एक रेझिस्टर, असे तीन-तीनचे दोन गट पुरेत. करंट कमीच बरा, खिडकी झगमगली की मॉडेल खेळण्यासारखं दिसते. गोळ्याच्या आत आधी काळा रंग मारा, वाळला की त्यावर पांढरा. काळा मारला नाही तर प्लास्टिकमधून उजेड झिरपतो आणि सगळा गोळा आकाशकंदील होतो. खिडकीच्या आतून बटर पेपर लावा. कुब्रिकच्या लोकांनी तर खिडकीत आत हलणारी माणसं दाखवली होती, म्हणजे त्या खिडकीच्या जागी पांढरा कार्ड ठेवून त्यावर वेगळं चित्रीकरण प्रोजेक्ट करायचे आणि तीच फिल्म पुन्हा एक्सपोज करायचे. आपण कॉकपिटचं छोटं चित्र पारदर्शक शीटवर प्रिंट करून बटर पेपरच्या पुढे लावू शकतो, जवळून पाहणाऱ्याला आत कोणी बसल्यासारखं वाटते.

रंग, म्हणजे पांढऱ्यातले पांढरे

रंगाचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करा. आपल्या इकडे उन्हाळ्यात दुपारी स्प्रे मारला तर थेंब हवेतच वाळतात आणि मॉडेलवर रवा पडल्यासारखा खरबरीत थर बसतो. मारायचाच असेल तर सकाळी सातच्या आत. पावसाळ्यात दमट हवेने लॅकर दुधाळ पडतो. आणि कूलर चालू असलेल्या खोलीत तर अजिबात नाही, तो ओलावा पण आणतो आणि धूळ पण.

पहिले गाडीचा ग्रे सरफेसर (रंगाच्या आधी मारायचा थर), दोन पातळ हात. ग्रेवर उरलेसुरले सगळे खड्डे दिसतात, तेव्हाच भरून घ्या. मग पांढरा, पण डब्यातला थेट पांढरा नको, त्यात काळ्याचा एक थेंब आणि पिवळट गेरूच्या शेडचा अर्धा थेंब. शुद्ध पांढरा फोटोत जळून जातो, काहीच तपशील उरत नाही. आता यातूनच तीन-चार भांड्यांत अजून एक-एक थेंब काळा वाढवत जा, इतका कमी फरक की भांडी शेजारी ठेवल्याशिवाय कळू नये. टेपने चौकोन झाकून गोळ्यावर आणि इंजिनवर हे वेगवेगळे पांढरे मारायचे. मी पहिल्यांदा फरक जास्त ठेवला तर गोळा फुटबॉल दिसायला लागला, पुन्हा घासून पुन्हा मारला. बरोबर जमलं की दिवसा सगळं एकच पांढरं वाटते आणि तिरप्या उजेडात एकदम पत्र्याचे तुकडे उठून येतात. तेव्हा अंगावर काटा येतो, खरं सांगतो. पॅनलच्या रेघांत टोकदार एचबी पेन्सिल, मग मॅट क्लिअर. गंज, तेलाचे ओघळ हे काही नाही. तुम्हाला मळकं जहाजच आवडत असेल तर '२०१०' मधलं करा, त्यात तेच डिस्कव्हरी गुरूच्या आयो चंद्राजवळ गंधकाने पिवळं पडलेलं आहे, तेही सुंदर आहे.

स्टँडसाठी सगळं जोडून झाल्यावर मणका दोन बोटांवर तोलून पाहा, जिथे आडवा राहतो तिथेच खालून भोक. माझा तोल मधापेक्षा चार इंच मागे निघाला, कारण इंजिन जड. सुताराकडे सागाचा उरलेला तुकडा मिळतो, त्यात ८ मिलिमीटरची सळई उभी करा, वायर तिच्याच मागून खाली.

फोटो

इथपर्यंत आलात तर हे सोडू नका, कारण जहाज खरं मोठं होते ते इथे. कुब्रिकच्या लोकांनी मॉडेल शूट करताना लेन्सचं छिद्र अगदी बारीक ठेवलं होतं, म्हणजे पुढचं टोक आणि मागचं टोक दोन्ही शार्प येतात, आणि मग उजेड पुरावा म्हणून एकेका फ्रेमला काही काही सेकंद एक्सपोजर द्यायचे. लहान वस्तूचा फोटो लहान वाटतो कारण मागचा भाग धूसर होतो, तेवढं टाळलं की डोळा फसतो. सिनेमाला स्पेशल व्हिज्युअल इफेक्ट्सचं जे ऑस्कर मिळालं ते कुब्रिकचं आयुष्यातलं एकमेव ऑस्कर, त्यामागे ही अशी बसून केलेली कामं आहेत.

कॅमेरा असेल तर छिद्र एफ १६ किंवा त्याच्या पुढे (आकडा मोठा तितकं छिद्र बारीक), आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता १००, शटर चार सेकंदांपासून सुरू करून पाहा, टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. मोबाईल असेल तर थोडा लांब ठेवून प्रो मोडमध्ये आयएसओ ५० आणि फोटो नंतर कापा. मागे काळं मखमल, इतवारीत कापडाच्या दुकानात मीटरवर मिळते, साधं काळं कापड चमकते म्हणून मखमलच. उजेड एकच. अवकाशात दुसरा दिवा नसतो, सावलीची बाजू काळीच राहिली पाहिजे, आणि घरातल्या पांढऱ्या भिंती उजेड परत फेकतात म्हणून त्या बाजूलाही काळं कापड टांगा. दिवा लहान आणि लांब ठेवला की सावलीची धार कडक येते. गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्रात तारांगण आहे, तिथल्या अंधारात पाच मिनिटं बसून या, काळं म्हणजे किती काळं हवं ते कळते. तारे वेगळ्या फोटोतून नंतर जोडा, मखमलावर भोकं पाडून लाइट लावायच्या भानगडीत पडू नका.

आम्ही रात्री साडेदहाला घेतला फोटो, खाली रहदारी कमी झाल्यावर, कारण एखादा ट्रक गेला तरी सळई थरथरते आणि चार सेकंदांत सगळं हलते. पंखा बंद, भाचा श्वास रोखून दिव्याजवळ. तेवढ्यात जिन्यात आईची पावलं वाजली, भाच्याने हाताने थांब केलं तर ती दारातच उभी राहिली, हातात कप तसेच. शटर बंद झालं तशी ती म्हणाली, "हे एवढं मोठं कधी झालं रे?" आणि आत येऊन तिने ट्रे थेट माझ्या वॉटर पेपरच्या ढिगावर ठेवला. सातवा फोटो होता तो. तोच भिंतीवर लावलेला आहे, कॅलेंडरच्या पानांवरच्या त्या चित्राच्या शेजारी.

आणि मॉडेलवर पातळ सुती धोतराचा तुकडा झाकून ठेवा, एप्रिलपासून आपल्याकडे जी धूळ येते ती मॅट पांढऱ्यावर बसली की पुसून निघत नाही, फक्त मेकअपच्या मऊ ब्रशने झटकायची, ओलं कापड लावायचं नाही.